घर घेताना काय सोडलं? मुंबईतल्या घरांची सव्वाशे वर्षं



गेले काही महिने मंदिरातून बाहेर पडताना, चपला घालता घालता, आपल्यात एकच विषय असतो. कुणाची इमारत पाडायला निघाली आहे, कुणाच्या मुलाला वन बीएचकेचं टू बीएचके करायचं आहे, कुणाची सून म्हणते मीरा रोड चालेल पण विरार नको. भाव किती, कार्पेट किती, बँकेचा हप्ता किती, हे सगळ्या जणी सांगतात. काय सोडावं लागणार आहे, ते मात्र कुणी सहसा बोलत नाही. म्हणून मी जरा उलट्या बाजूनं वाचायला घेतलं. मुंबईत आपल्या आधीच्या पिढ्यांनी घर निवडताना काय काय सोडलं होतं? वाचत गेले तशी एक गोष्ट दिसत गेली. प्रत्येक पिढीनं काहीतरी सोडलं, आणि जे सोडलं ते बहुतेक वेळा पाणी, उजेड, मोरी, गॅलरी, शेजार या खात्यातलं होतं. म्हणजे घरातल्या बाईच्या खात्यातलं. कागदावर सही करणारा मात्र दुसराच होता.

सुरुवात १८९६ पासून करते. मांडवी, पायधुणी, भुलेश्वर या भागात तेव्हा व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. खाली दुकान किंवा वखार, वर राहायचं. पायधुणीचं गोडीजींचं देरासर १८१२ चं, म्हणजे तोवर ऐंशीहून अधिक वर्षं तिथं पूजा चालू होती. धंदा, देऊळ आणि घर तिन्ही हाकेच्या अंतरावर. आजच्या दलालाच्या भाषेत लोकेशन एक नंबर. त्या बदल्यात सोडलेलं काय, तर हवा आणि उजेड. भिंतीला भिंत लागलेली घरं, मधल्या घरगल्लीत सांडपाणी, आतल्या खोल्यांत भरदुपारी दिवा. सकाळी उठून चालत दर्शनाला जाता येतं, पेढीवरून दुपारी जेवायला घरी येता येतं, यासाठी लोकांनी ते मान्य केलं होतं. स्वयंपाक अंधारात करणाऱ्या बाईला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतच डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारी पथकं घरोघर फिरू लागली, घरं धुऊन काढू लागली, कौलं काढून आत ऊन सोडू लागली. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली जात. आपल्या चुलीच्या खोलीवर असा शिक्का पाहणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल याची नोंद कुठं मिळत नाही. पथकांविरुद्ध झालेल्या दंगली आणि संप यांच्या नोंदी भरपूर मिळतात.

या प्लेगमुळे १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, शीव इथं नवीन जमीन आखली. रस्त्यांसाठी पाडलेल्या घरांतली गरीब माणसं शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीनं राहायला गेली, हेही त्याच कामाचं फळ. पण ट्रस्टचा एक नियम मला फार आवडला. त्याचे अध्यक्ष ओर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला होता. सोप्या भाषेत, खिडकीसमोर भिंत असेल तर त्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी, म्हणजे खोलीत आभाळाचा उजेड येईल. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या आपल्यासारख्या घरांत या कोनाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात सहाच्या सुमारास मुंबईत सूर्य मावळतो, आणि समोर टॉवर उभा असेल तर स्वयंपाकघरातला सूर्य पाच वाजताच मावळलेला असतो. आजच्या माहितीपत्रकात स्विमिंग पूलचा फोटो असतो, हा कोन नसतो.

आता पाण्याकडे वळते, कारण तिथं गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे.

आमच्या सांगलीकडे आड असायचा. आजी पितळी कळशीवर दुहेरी गाळणं बांधून पाणी गाळायची आणि गाळण्यावरची जिवाणी परत त्याच आडात सोडायची. ती वरून ओतायची नाही, भांडं पाण्यापर्यंत खाली नेऊन हळूच उलटायची. आडातला जीव आडात. हे व्रत पाळायचं तर पाण्याचा उगम दारात हवा. मुंबईत मात्र १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं आलं, मग १८७९ साली तुळशीचं, १८९२ साली तानशाचं. नळ आला म्हणजे शेंदणं संपलं, कंबरदुखी संपली. पण नळाच्या पाण्याची जिवाणी कुठं सोडणार? तानशाला जाऊन? आपल्यातल्या कितीतरी घरांत गाळणं टिकलं आणि जिवाणी सुटली. ही तडजोड आपण इतकी जुनी केली आहे की ती तडजोड होती हेच विसरलो.

तरी विहिरी होत्या. वाड्यांत, चाळींच्या चौकात, देवळांच्या आवारात. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला, आणि शहरातल्या विहिरी हे डासांचं मोठं घर आहे असं त्यात दाखवून दिलं. पालिकेनं विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका असा लकडा लावला. हिंदू आणि पारशी लोकांनी जोरदार विरोध केला, कारण पूजेला, विधींना विहिरीचंच पाणी लागायचं, उघड्या आभाळाखालचं. शेवटी काही विहिरींना बारीक जाळीची झडप लावून पाणी काढू देण्याचा मार्ग निघाला. मला हा तोडगा फार बोलका वाटतो. डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं, लोक मलेरियानं मरत होते. श्रद्धाही खोटी नव्हती. म्हणून एक जाळी. आपल्याकडे मुनिमहाराजांचा आहार असतो तेव्हा विहिरीच्या पाण्यासाठी जी धावपळ होते, ती आठवा. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत घर पाहणाऱ्या कुटुंबानं ‘आवारात विहीर आहे का’ हे विचारलं असेलच. पुढं हळूहळू तो प्रश्नच यादीतून गेला.

दुसरी गोष्ट लिहायला थोडा संकोच वाटतो, पण ती टाळून घराचा इतिहास पुरा होत नाही. संडास. जुन्या वाड्यात तो परसात, चाळीत गॅलरीच्या टोकाला. गैरसोय होती, रात्रीबेरात्री बायकांना भीती होती, पण घर ‘शुद्ध’ राहत होतं. १९२० ते १९४० च्या दरम्यान दादर-माटुंग्याला नव्या पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत प्रत्येक कुटुंबाचं स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणीघर आणि घरातच संडास. आज आपण ज्याला फ्लॅट म्हणतो तो हाच. इतिहासकार निखिल राव यांनी या उपनगरांवर एक चांगलं पुस्तक लिहिलं आहे. त्यात ते दाखवतात की माटुंग्याला राहायला आलेल्या दक्षिणेकडच्या सोवळ्या कुटुंबांना चुलीच्या आणि देवघराच्या इतक्या जवळ संडास ही कल्पना पचवायला जड गेली. मग घराच्या नकाशातच वाट काढली. संडास अगदी मागच्या टोकाला, आणि सफाईला येणाऱ्या माणसाला मागून वेगळा जिना. दादर, गिरगाव, माटुंगा इथल्या जुन्या इमारतींच्या मागं ते लोखंडी गोल जिने अजून दिसतात. मी लहानपणी मामींकडे आले की त्यावर खेळायला जायचा हट्ट करायचे आणि मामी ओरडायच्या. का ओरडायच्या ते तेव्हा कळलं नाही.

आपलं सोवळं टिकावं म्हणून दुसऱ्या माणसाला मागच्या दारानं चढायला लावणं, यात अहिंसा कुठं बसते, हा प्रश्न मला त्या जिन्याकडे पाहून पडतो. ती तडजोड घरातल्यांनी केली नव्हती, ती दुसऱ्यावर लादली होती. फ्लश आला, ड्रेनेज आलं, आणि जिना निकामी झाला. बाईला मात्र घरातल्या संडासानं जे दिलं ते मोजता येणार नाही. बाळंतपणात, आजारपणात, म्हातारपणात. कोणत्याही शुद्धतेच्या नियमापेक्षा ते मला मोठं वाटतं.

याच काळात अंतराची तडजोड सुरू झाली. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि १९३६ मध्ये ती विरारपर्यंत गेली. त्याआधी मंदिर आणि पेढी सोडून लांब राहणं म्हणजे जवळजवळ गाव सोडणं. आता लांब राहून रोज येता येऊ लागलं. जास्त खोल्या हव्यात तर जास्त स्टेशनं, हा मुंबईचा हिशोब तिथून सुरू झाला तो आजवर बदललेला नाही. नवऱ्याचा दिवस लोकलनं लांबला आणि बाईचा दिवसही लांबला, कारण डबा पहाटे उठून भरायचा.

गरिबांच्या वाट्याला काय आलं तेही पाहा. १९२० च्या दशकात सरकारनं कापसाच्या गाठींवर कर बसवून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एक खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. भाडं परवडेना, आणि वरळी तेव्हा गिरणीपासून आडबाजूला. सरकार म्हणे पक्कं घर दिलं, कामगार म्हणे कामाजवळची कच्ची खोली बरी. कोणतं घर चांगलं हे राहणाऱ्याला बांधणाऱ्यापेक्षा बरं कळतं, याचा एवढा मोठा दाखला दुसरा नसेल. नंतर गर्दी वाढली आणि त्याच १६० फुटांत तीन-तीन पिढ्या राहिल्या. आता तिथं म्हाडा ५०० चौरस फुटांची घरं देत आहे.

मध्यमवर्गानं दुसरी वाट शोधली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. आशियातली पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतात. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे सूत्रधार. चित्रापूर सारस्वत समाजातल्या नोकरदारांनी एकत्र येऊन भाग भांडवल उभं केलं. जमीन आणि इमारत सोसायटीची, सभासद तिचा भागधारक आणि भाडेकरूही. एकट्याला जे घर परवडत नव्हतं ते दहा जणांना मिळून परवडलं. सोडलं काय, तर ‘माझी भिंत’ म्हणण्याचा हक्क. घर विकायचं, भाड्यानं द्यायचं तर कमिटीला विचारायचं. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जी भांडणं होतात त्यांची कुळकथा ही अशी गावदेवीपर्यंत जाते!

समाजाची सोसायटी हा धागा आपल्यालाही जवळचा आहे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा सोसायटीचा उपनियम कायद्याला धरून आहे असा निकाल दिला. त्यानंतर ‘फक्त शाकाहारी’ इमारतींची चर्चा आपल्यातही वाढली. शेजारून वास येत नाही, मुलं बाहेर खेळली तरी कुणाकडे काय खातील याची धास्ती नाही, पर्युषणात खाली मंडप घालता येतो. हे सुख खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण आमच्या सासूबाईंचं ऐकते तेव्हा दुसरी बाजू दिसते. गिरगावच्या चाळीत त्यांच्या एका बाजूला मालवणचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला कानडी शिंपी. माशांचा दिवस असला की मालवणी काकू आपणहून गॅलरीकडचं दार ओढून घ्यायच्या आणि सासूबाई उदबत्ती लावायच्या. त्याच काकू सासूबाईंच्या दशलक्षणाच्या उपवासात मुलांना सांभाळायच्या, आणि अनंत चतुर्दशीनंतर पारण्याला न चुकता मुगाचं कढण घेऊन यायच्या, नवीन पातेल्यात केलेलं, दिवस मावळायच्या आत. आजच्या आमच्या इमारतीत सगळे आपलेच आहेत, आणि समोरच्या दारातल्या बाईचं नाव मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाहून कळलं.

चाळीवरून पागडी आठवली. या विषयावर मी सासऱ्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, तू वकील का झाली नाहीस? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईत जुन्या खोल्यांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. कायदा तात्पुरता म्हणून आला होता, मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं टिकला. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीनंतरच्या गर्दीत त्यानं लाखो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवलं. पण भाड्यातून काही मिळेना म्हटल्यावर मालकांनी भाड्याची घरं बांधणं सोडलं आणि असलेल्यांची दुरुस्तीही सोडली. खोली हवी तर मालकाच्या हातात एकरकमी पागडी ठेवायची. घेणं हा गुन्हा होता, तरी सगळी मुंबई त्यावर चालत होती. पावती फक्त भाड्याची, तीही काही रुपयांची. घर ना धड आपलं, ना धड दुसऱ्याचं. १९९९ चा नवीन कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा कुठं पागडीला कायद्यात जागा मिळाली.

मालकी सोडली, डागडुजी सोडली, पावसाळ्यात जिना थरथरला तरी सोसलं. मिळवलं काय? गुलालवाडीचं दिगंबर जैन मंदिर पायी, बाजार खाली, शाळा जवळ. आणि आणखी एक गोष्ट, जी पुरुषांच्या गप्पांत येत नाही. त्या कायद्यात असं होतं की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस भाडेकरू होतो. आमच्या आजेसासूबाई तिशीतच विधवा झाल्या. गावाकडे त्यांच्या नावावर काही नव्हतं, दीर-भावजयीच्या हाताखाली दिवस काढावे लागले असते. पण मुंबईतली ती दहा बाय बाराची खोली, मोरी आणि माळा त्यांच्याकडे राहिला. त्यांच्या नावानं पावती फाटू लागली. त्या पापड लाटून विकायच्या आणि पहिल्या तारखेला स्वतः भाडं द्यायला जायच्या, कारण मुलाच्या हाती पैसे दिले तर पावतीवर नाव कुणाचं लागेल याचा त्यांना भरवसा नव्हता. हिंदू वारसा कायदा, जो आपल्यालाही लागू आहे, तो यायचा होता १९५६ मध्ये. म्हणून पागडीच्या खोलीला कुणी नुसतं मोडकं घर म्हटलं की मला त्या पावत्या आठवतात. एका पत्र्याच्या पेटीत त्या अजून आहेत.

पुढची वर्षं आपल्यापैकी बऱ्याच जणींनी स्वतः पाहिली आहेत, तेव्हा भरभर सांगते. साठच्या दशकात ओनरशिप फ्लॅट हा शब्द घरोघरी पोचला. बिल्डर पैसे घेऊन ताबा देत नाहीत, कागद दाखवत नाहीत, अशा तक्रारींमुळे १९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. करारनामा, मंजूर नकाशा दाखवणं आणि सोसायटी करून देणं बिल्डरवर बंधनकारक झालं. आमचं कुटुंब तेव्हा गिरगाव सोडून बोरिवलीला आलं. मालकी मिळाली, गुलालवाडी सुटली. राष्ट्रीय उद्यानाजवळ पोदनपूरला भगवान आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या भव्य मूर्ती आहेत, त्यांच्या ओढीनं आपली पुष्कळ कुटुंबं बोरिवलीकडे आली. तरी सासूबाई म्हणतात, मूर्ती मोठ्या होत्या पण रोजचं पायी दर्शन गेलं ते गेलंच.

फ्लॅटच्या काळात सोडलेली मोठी गोष्ट म्हणजे बाल्कनी. १९९१ च्या विकास नियमांत शहरात १.३३ आणि उपनगरांत १ एवढा चटई निर्देशांक होता, आणि बाल्कनी काही मर्यादेपर्यंत त्यातून वगळली जायची. साहजिकच बिल्डरनं बाल्कनी दिली आणि आपण ती काचा लावून खोलीत घेतली. मुलाचं अभ्यासाचं टेबल तिथं, फ्रिज तिथं. पापड-कुरडया वाळवायची, धान्याला ऊन दाखवायची, संध्याकाळी दोन मिनिटं उभं राहायची जागा गेली. २०१२ मध्ये नियम बदलले, बाल्कनी हिशोबात धरली जाऊ लागली, आणि नव्या घरांत ती मुळातच आकसली. ओलं धान्य आता कुठं वाळवायचं, हे आर्किटेक्टला विचारून पाहा. मे २०१७ पासून रेरा लागू झाल्यावर कार्पेटची व्याख्या तरी एक झाली. आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. त्याआधीच्या ‘सुपर बिल्टअप’मध्ये जिन्याचे आणि लिफ्टचेही पैसे आपण खोलीच्या भावानं मोजत होतो.

आता पुनर्विकास. चार मजली इमारत जाऊन बावीस मजली येते. जास्त चौरस फूट मिळतात, लिफ्ट मिळते, गुडघे दुखणाऱ्या आपल्या वयाच्या बायकांना ती हवीच आहे. महिन्याचा मेंटेनन्स मात्र पेन्शनवर राहणाऱ्याच्या छातीत धडकी भरवतो. आणि एक प्रश्न आपल्या घरांपुरता आहे. मजला कितवा घ्यायचा? वरच्या मजल्यावर वारा, उजेड, सूर्यास्तापर्यंत दिवा न लावता स्वयंपाक. पण मुनिमहाराज लिफ्टनं येत नाहीत. पंधराव्या मजल्यावर चौका लावून पडगाहन कुठं करणार? आमच्या इमारतीच्या सभेत निम्म्या घरांनी खालचे मजले मागितले आणि बिल्डरचा माणूस चक्रावला, कारण त्याच्या तक्त्यात वरच्या मजल्याला जास्त भाव होता. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी तिसरा मजला धरला. समोर पार्किंगची भिंत आहे, स्वयंपाकघर पाचलाच काळोखतं. त्यांच्या सुनेला ते पटलेलं नाही. घरात ती दिवसभर असणार, आहाराचा योग वर्षातून एकदा, असं तिचं म्हणणं. दोघींचंही मला पटतं. एवढंच की हा प्रश्न त्या दोघी एकमेकींशी बोलल्या, आणि निर्णय त्यांच्या टेबलावर झाला.

जाता जाता कामाची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. सूट फक्त बाई किंवा बायकाच खरेदीदार असतील तर मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. त्यामुळे नोंदणी कार्यालयांत हल्ली एकट्या बायकांच्या नावाचे दस्त दिसू लागले आहेत. एक टक्का वाचतो म्हणून का होईना. जाऊबाईंच्या घराचा दस्त पुढच्या महिन्यात आहे. नाव सुनेचं लागणार असं ठरलंय, आणि हे सुचवलं जाऊबाईंनीच. सून म्हणाली, माझ्या नावावर असेल तर स्वयंपाकघराची भिंत पाडून मी खिडकी मोठी करून घेईन. जाऊबाई म्हणाल्या, कर, पण आधी सोसायटीची परवानगी काढ.